पडदे रंगवणाऱ्यांची फिल्म कंपनी

फेब्रुवारी १९२०. या एका महिन्यात चित्रकारांच्या हातचे दोन मूकपट लोकांसमोर आले. ७ तारखेला पुण्याच्या आर्यन थिएटरात कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ लागला आणि २६ तारखेला बर्लिनमध्ये डेक्ला कंपनीचा ‘द कॅबिनेट ऑफ डॉ. कालिगारी’. कालिगारीच्या चित्रकारांनी कापडावर वाकड्यातिकड्या गल्ल्या रंगवल्या, सावल्यासुद्धा ब्रशने काढल्या. त्याचं कौतुक जगभर अजून चालू आहे. गंमत अशी, की ज्याचं पोटच रंगवलेल्या पडद्यांवर चाललं होतं, त्या कोल्हापूरच्या माणसाने सिनेमात नेमकी उलटी वाट धरली.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री, जन्म १८९०. ‘पेंटर’ हे आडनाव धंद्याने दिलेलं. चुलतभाऊ आनंदरावांच्या जोडीने ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. राजवाडा, अरण्य, रस्ता, जे लागेल ते. १९१३ साली फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि दोघांच्या डोक्यात सिनेमा शिरला. विलायती कॅमेरा परवडणारा नव्हता, म्हणून तो घरीच बनवायचं ठरलं. काम अर्ध्यावर असताना १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने कॅमेरा पुरा केला. महाराष्ट्र फिल्म कंपनी काढायला पैसा आला तो गायिका तानीबाई कागलकरांकडून. त्याच सुमारास, डिसेंबर १९१७ मध्ये, बर्लिनला ‘उफा’ ही बलाढ्य कंपनी उभी राहत होती. तिच्यामागे जर्मन लष्कर आणि डॉइच बँक होती. कोल्हापूरच्या कंपनीमागे एका गाणाऱ्या बाईच्या पदरचे पैसे होते.

रंगवलेला पडदा नाटकाच्या प्रेक्षकाला चालतो, कॅमेऱ्याला चालत नाही, हे पडदे रंगवणाऱ्यालाच आधी कळलं. बाबूरावांनी खोली असलेले, खरोखर बांधलेले सेट उभे केले. ‘सैरंध्री’त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. त्यातला कीचकवध इतका अंगावर येणारा होता, की सरकारने त्या दृश्यावर आक्षेप घेतला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला आणि शिवाजी महाराजांची भूमिकाही स्वतःच केली. जाहिरातीची भित्तिपत्रकंही त्यांच्याच कुंचल्यातली. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर आजही आपल्याला पाहता येतं.

पुढे ‘मायाबाजार’, ‘भक्त प्रल्हाद’ असे बरेच निघाले. पौराणिक कथांना गर्दी हमखास, त्यामुळे त्यात नवल नाही. नवल आहे ते १९२५ च्या ‘सावकारी पाश’चं. नारायण हरी आपट्यांच्या कथेवरून केलेला हा चित्रपट. कर्जाच्या कचाट्यात जमीन गमावून शहराकडे निघालेला शेतकरी त्यात होता आणि तो शेतकरी झाला होता शांताराम वणकुद्रे नावाचा तरुण. लोकांनी या चित्रपटाकडे पाठ फिरवली. गाड्या, रथ, चमत्कार यांना सरावलेल्या डोळ्यांना कोरडी जमीन काय आवडणार! तरीही कंपनीच्या साऱ्या चित्रपटांत मी याला पहिला नंबर देईन. मूकपटाची प्रत उरलेली नाही, तेव्हा हा निकाल त्या काळी ज्यांनी तो पाहिला त्यांच्या भरवशावर.

कंपनीने चित्रपट काढले त्याहून मोठी माणसं काढली, असं मला वाटतं. दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे सगळे याच कारखान्यात घडले. कुणी ब्रश धरला, कुणी यंत्र खोललं, कुणी तोंडाला रंग लावला. १९२९ मध्ये ते बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णींच्या साथीने कोल्हापुरातच ‘प्रभात’ काढली. मूळ कंपनी त्यानंतर फार टिकली नाही. ‘प्रभात’ १९३३ साली पुण्याला गेली. तिथून दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ व्हेनिसपर्यंत पोचला.

त्याच १९३३ साली शांतारामबापूंनी ‘सैरंध्री’ पुन्हा केला, या खेपेला रंगीत. प्रती काढायला ते थेट जर्मनीला गेले. गुरूने कोल्हापुरात घरच्या कॅमेऱ्यावर टिपलेली गोष्ट शिष्याने जर्मनीच्या प्रयोगशाळेत नेली, पण रंग काही मनासारखे उतरले नाहीत.

कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला गेलात, तर बाबूरावांच्या आठवणीसाठी खरी कॉर्नरला उभारलेला कॅमेरा स्तंभही पाहून या.