खांबावर उरलेली सीमा

ओपनस्ट्रीटमॅपवर रेल्वेचा सिग्नल म्हणजे रुळांच्या रेषेवरचा एक ठिपका. त्याला टॅग लावायचे: दिशा कुठली, प्रकार कोणता. काम तसं कंटाळवाणंच. पण खरी गंमत त्या 'प्रकारा'त आहे, मंडळी!

जर्मनीचंच बघा. महायुद्धानंतर देशाचे दोन तुकडे झाले, तशी रेल्वेचीही वाटणी झाली. हात वर-खाली करणारे जुने सिग्नल दोन्हीकडे सारखेच होते. नवे दिव्यांचे सिग्नल मात्र वेगळे निघाले. पश्चिमेच्या बुंडेसबानने 'एचपी' चालू ठेवले, तर पूर्वेच्या राइख्सबानने समाजवादी देशांच्या पद्धतीशी जुळणारे 'एचएल' लावले. १९९० मध्ये देश एक झाला, १ जानेवारी १९९४ ला रेल्वेही एक झाली. पुढे दोघांसाठी 'केएस' हे सामायिक सिग्नल आले.

पण जुने खांब थोडेच एका रात्रीत उपटले जातात? नकाशावर 'एचएल'चे ठिपके शोधले, तर ते जवळजवळ सगळे पूर्वेलाच सापडतात. भिंत पडली, सिग्नलमधली सीमा मागे राहिली.

आता तीही पुसट होतेय. म्हणून नुसतं 'सिग्नल' लिहून पुढे जाऊ नका, प्रकारही लिहा. आणि खांब बदलला, तर जमल्यास ठिपका तोच ठेवून टॅग बदला. म्हणजे जुनी नोंद त्या ठिपक्याच्या इतिहासातच सापडेल.