टाल्यन
टाल्यन : दक्षिण ब्राझीलमधील इटालियन स्थलांतरितांच्या वंशजांची, व्हेनेत्यनवर आधारलेली रोमान्स भाषा. १८७५ पासून व्हेनेतो, लोंबार्दी इ. प्रदेशांतील शेतकरी कुटुंबे रिओ ग्रांदे दो सुल राज्यात वसली. त्यांच्या बोली मिसळल्या. व्हेनेतोवासीयांच्या संख्याबळामुळे व्हेनेत्यन वरचढ ठरली. या मिश्रणातून घडलेल्या टाल्यनला ‘बिघडलेली इटालियन’ म्हणणे चूक होय. व्यंजनांचे द्वित्व तीत टिकत नाही : इटालियन ‘गात्तो’ (मांजर) येथे ‘गातो’ होतो. नव्या वस्तूंची नावे बहुधा पोर्तुगीजमधून आली (पहा : पोर्तुगीज भाषा). ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष व्हार्गस यांच्या ‘एस्तादो नोव्हो’ राजवटीत (१९३७–४५) परकीय भाषांवर निर्बंध आले आणि टाल्यन घरापुरती उरली. पुढे रिओ ग्रांदे दो सुलमधील सेराफिना कोरेया नगरपालिकेने २००९ मध्ये तिला सहराजभाषा केले. २०१४ मध्ये ब्राझीलच्या सांस्कृतिक वारशात तिची अधिकृत नोंद झाली (पहा : रोमान्स भाषासमूह).