रेट : अपघातातून आलेलं नाव

‘गाठ साधी आहे ना, डॉक्टर?’ थायरॉइडच्या गाठीचा पेशंट एवढंच विचारतो. सुईने ओढलेल्या पेशी काचपट्टीवर पसरल्या की बहुतेक वेळा उत्तर मिळतं. फॉलिक्युलर गाठ मात्र दाद देत नाही. साध्या आणि घातक पेशी तिथे सारख्याच दिसतात. पेशींनी गाठीचं आवरण फोडलंय का, त्या रक्तवाहिनीत शिरल्यात का, यावर निदान ठरतं; आणि सुईत आवरण येत नाही. मग निम्मी ग्रंथी काढायची, आणि बरेचदा गाठ साधीच निघायची.

जनुकातली पहिली खूण कुणी या अडचणीपायी शोधली नव्हती. १९८५ मध्ये मासाहिदे ताकाहाशी आणि जेफ्री कूपर अमेरिकेत माणसाच्या लिम्फोमाचा डीएनए उंदराच्या पेशींत घालत होते. एक जनुक कॅन्सर घडवताना सापडलं खरं, पण त्याची मोडतोड प्रयोगातच झाली होती. मूळ गाठीत ती नव्हतीच. ‘डीएनए घालताना उलटापालट झालेलं’ या अर्थाच्या इंग्रजी वर्णनातली अक्षरं जुळवून त्याला ‘रेट’ म्हटलं. इतकं प्रामाणिक बारसं शास्त्रात क्वचितच होतं.

दोन वर्षांनी नेपल्समध्ये फुस्को, वेक्किओ आणि सहकाऱ्यांना पॅपिलरी या थायरॉइड कॅन्सरच्या दुसऱ्या प्रकारातल्या २० पैकी ५ गाठींत एक नवं कॅन्सर-जनुक दिसलं. १९९० मध्ये कळलं, हे तर रेटच, दुसऱ्या जनुकाला चिकटलेलं. प्रयोगातला अपघात इथे माणसाच्या गळ्यात घडला होता. चेर्नोबिलनंतर कॅन्सर झालेल्या मुलांच्या गाठींत अशीच जोडणी वारंवार सापडली. का, याचा एक धागा २००० मध्ये मिळाला. रेट आणि त्याचा जोडीदार एच-४ ही जनुकं दहाव्या गुणसूत्रावर एकमेकांपासून दूर आहेत. पण थायरॉइडच्या पेशीत गुणसूत्राची घडी अशी पडते की सुमारे ३५ टक्के पेशींत ती शेजारी येतात. किरणोत्साराने दोन्ही एकदम तुटली, की टोकांची अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही.

पुढे खुणा वाढल्या आणि भरवसा घटला. रास जनुकातले बदल साध्या गाठींतही निघाले. २००० मध्ये पॅक्स-८ जनुकाची दुसऱ्या जनुकाशी जोडणी फॉलिक्युलर कॅन्सरची हमखास ओळख वाटली होती, तीही नंतर साध्या गाठींत सापडली. पक्की ठरली ती २००३ मध्ये थायरॉइडमध्ये दिसलेली बीआरएएफ जनुकातली खूण. प्रथिनातल्या तिच्या जागेचा क्रमांक आधी ५९९ होता. मोजणीतली चूक कळल्यावर ६०० झाला. पण ती पॅपिलरीची खूण, फॉलिक्युलरचं कोडं तिने सुटत नाही. म्हणून २०१२ ची १६७ जनुकांची चाचणी उलट बाजूने आली: कॅन्सर सिद्ध करायचा नाही, गाठ साधी असल्याचा भरवसा द्यायचा.

२०१६ मध्ये पॅथॉलॉजिस्टांनी आवरणात राहिलेल्या एका पॅपिलरी प्रकाराच्या नावातून ‘कार्सिनोमा’ हा शब्दच काढला. अशा १०९ रुग्णांवर १० ते २६ वर्षं लक्ष ठेवलं होतं. सगळे जिवंत, कुणाचाही आजार परतला नव्हता. या गाठींत रासचा बदल अनेकदा सापडतो. नाव बदललं, तो बदल मात्र आजही तसाच आहे.