वर्ष झालं, अजून दात नाही!

आम्हा धरणगावच्या बायकांच्या गटात हा विषय हमखास निघतो. मग शेजारपाजारची आईलाच बोल लावते.

ही काळजी फार जुनी. ‘काश्यपसंहिता’ या बाळांच्या आजारांवरच्या प्राचीन ग्रंथात दात येण्यावर वेगळा अध्यायच आहे. नेपाळात सापडलेला हा ग्रंथ १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात छापला गेला. त्यात आठव्या महिन्यात आलेले दात चांगले मानलेत, फार लवकर आलेले कच्चे.

तिकडे इंग्लंडात दात येतानाच्या त्रासावर बाळांना पाऱ्याची पावडर देत. बाळांचे हातपाय गुलाबी होऊन सोलत, काही दगावलीही. १९५४ च्या सुमारास ती पावडर बंद झाली आणि तो आजारही ओसरला. घात दातांनी नाही, औषधाने केला होता.

म्हणून कुणी सांगितलेली पूड बाळाला चाटवू नका. पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो. वर्षापर्यंत थांबला तरी घाबरायचं कारण नाही. काही घराण्यांत उशीरच असतो. दीड वर्षाचं होऊनही एकही दात नसेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. मुडदूस किंवा थायरॉईडचा त्रास असू शकतो. अंगणवाडीत तपासणीचं पथक येतं, त्यांनाही विचारा. आईला मात्र बोल लावू नका.