थिसिसची फाईल किती वर्षं टिकेल? टेक आणि लॅटेकची गोष्ट

पीएच.डी.ला प्रवेश मिळाला की कुणीतरी विचारतंच, "थिसिस वर्डमध्ये लिहिणार की लॅटेकमध्ये?" उत्तर देण्याआधी लॅटेक आलं कुठून, ते बघूया.

डोनाल्ड कनूथ हे स्टॅनफर्ड विद्यापीठातले संगणकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १९६८ साली आला, तो शिशाचे खिळे जुळवून छापलेला होता. पुढच्या काही वर्षांत खिळ्यांची जागा फोटोटाइपसेटिंगने घेतली. १९७७ साली दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं हातात आली, तेव्हा त्यातली अक्षरं आणि गणिती सूत्रं बघून कनूथ निराश झाले. मग अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर आपणच लिहायचं त्यांनी ठरवलं. मे १९७७ मध्ये आराखडा तयार झाला. १९७८ च्या अभ्यासरजेत काम उरकेल असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात 'टेक'ला अंतिम रूप यायला १९८९ उजाडलं!

यात नवीन काय होतं? एक उदाहरण घ्या. साधा वर्ड प्रोसेसर एक ओळ भरली की पुढच्या ओळीकडे वळतो. टेक मात्र अख्खा परिच्छेद एकत्र बघतं आणि ओळी कुठे तोडल्या तर शब्दांमधल्या जागा सगळीकडे नीट राहतील याचा हिशोब करतं. कनूथ आणि मायकल प्लास यांनी ही पद्धत १९८१ च्या शोधनिबंधात मांडली. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी टेकवर लॅटेक उभं केलं. 'इथे प्रकरण सुरू, इथे तक्ता' एवढं तुम्ही सांगायचं, मांडणी ते बघतं.

पण संशोधकासाठी खरी गोष्ट वेगळीच आहे. टेकची फाईल म्हणजे साधा मजकूर, कुठल्याही एडिटरमध्ये उघडणारा. शिवाय कनूथनी टेकमध्ये नवीन सोयी घालणं थांबवलं. आता फक्त चुका दुरुस्त होतात. प्रत्येक दुरुस्तीला आवृत्तीचा क्रमांक 'पाय'च्या एक अंक जवळ जातो. २०२१ साली तो ३.१४१५९२६५३ झाला.

याचं महत्त्व मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर वेगवेगळ्या कंपन्यांच्या फॉन्टमध्ये टाइप व्हायचा आणि प्रत्येकाचे संकेत वेगळे. आज तो फॉन्ट नसेल, तर फाईल उघडते पण अक्षरांचा नुसता कचरा दिसतो. लॅटेकमध्ये देवनागरीची सोय फ्रान्स वेल्थाउस यांच्या पॅकेजने झाली, पण त्यात रोमन अक्षरांत टाइप करावं लागे. २००४ साली आलेल्या जोनाथन क्यू यांच्या झीटेकने थेट युनिकोड मराठी लिहिता येऊ लागलं.

म्हणजे लॅटेक अमरपट्टा घेऊन आलंय का? नाही. टेकचा गाभा स्थिर असला तरी त्यावरची पॅकेजेस बदलत राहतात. म्हणून मूळ फाईल, आकृत्या, वापरलेल्या पॅकेजेसच्या आवृत्त्यांची नोंद आणि तयार पीडीएफ हे सगळं एकत्र ठेवा. वर्डच वापरणार असाल, तरी मराठी युनिकोडमध्येच टाइप करा आणि पीडीएफ जपून ठेवा.

सॉफ्टवेअर निवडताना 'आज काय सोपं?' हे विचाराच, पण 'वीस वर्षांनी माझा विद्यार्थी ही फाईल उघडू शकेल का?' हेही विचारा.