साचा, जेलकोट आणि रंग : स्वतंत्र बांधणीच्या नौकांच्या बाह्य पृष्ठभागाचा इतिहास

नौकाबांधणीच्या इतिहासात शीड, सुकाणू, लाकूड आणि बांधणीची पद्धती यांवर विपुल लेखन झालेले आहे. नौकेच्या अगदी बाहेरच्या थराकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले. हा थर शोभेचा मानला गेल्यामुळे असे झाले असावे. वस्तुतः रंग लावावा की जेलकोट हा प्रश्न आज एखादी नौका स्वतंत्रपणे बांधून घेणाऱ्या मालकापुढे उभा राहतो, तेव्हा त्यामागे सुमारे ऐंशी वर्षांचा औद्योगिक इतिहास असतो. प्रस्तुत निबंधात त्या इतिहासाचा मागोवा घेतला आहे.

लाकडी गलबतांच्या काळात हा प्रश्नच नव्हता. अरबी समुद्रावरील नौकांच्या पाण्याखालील भागाला चुना व चरबी यांचे मिश्रण फासले जाई, तर वरच्या फळ्यांना माशांचे तेल दिले जाई. हा लेप टिकाऊ असावा अशी कोणाची अपेक्षा नव्हती. नौका किनाऱ्यावर ओढून, खरवडून, तो पुन्हा देणे हा वार्षिक क्रमच होता. युरोपात तेलाधारित रंग व वार्निश आले तरी हे तत्त्व बदलले नाही. आधी नौका तयार होई आणि मग तिला लेप मिळे.

हा क्रम उलटा झाला तो काचतंतूंमुळे. अमेरिकेत १९३८ मध्ये ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी स्थापन झाली आणि काचेचे तंतू व्यापारी प्रमाणावर मिळू लागले. त्याच दशकात कार्लटन एलिस यांच्या संशोधनातून असंपृक्त पॉलिएस्टर रेझिन पुढे आले. या दोहोंच्या संयोगातून ओहायो राज्यातील टोलेडो येथे रे ग्रीन यांनी १९४२ च्या सुमारास छोटी नौका घडविली. दुसऱ्या महायुद्धानंतर हे तंत्र झपाट्याने पसरले. त्याचा प्राण होता साचा. आतून आरशासारख्या घासलेल्या साच्याला मेण लावायचे, त्यावर रंगद्रव्य मिसळलेल्या पॉलिएस्टर रेझिनचा साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडीचा थर फवारायचा, आणि तो थोडा आवळल्यावर त्यावर काचतंतूंचे थर रेझिनमध्ये भिजवून बसवायचे. हा पहिला थर म्हणजे जेलकोट. नौका साच्यातून बाहेर निघते तेव्हा सर्वांत आधी दिलेला थर सर्वांत बाहेर येतो आणि साच्याची चकाकी आपोआप तिच्या अंगी उतरते.

या रसायनाचा आणखी एक गुण कारागिरांच्या पथ्यावर पडला. हवेच्या संपर्कातील पॉलिएस्टरचा पृष्ठभाग पूर्ण घट्ट होत नाही, किंचित चिकट राहतो. साच्यात हा चिकटपणा उपकारकच ठरतो, कारण पुढचा थर त्याला रासायनिकदृष्ट्या जखडला जातो. साच्याबाहेर मात्र हाच गुण दोष बनतो. जेलकोट-रंग या वादाची मेख येथे आहे.

१९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या नौकाप्रदर्शनात पिअर्सन या चुलत भावांची ‘ट्रायटन’ ही कार्ल अल्बर्ग यांनी आरेखित केलेली २८ फुटी शिडाची नौका मांडली गेली. पुढे या नौका सातशेहून अधिक संख्येने बांधल्या गेल्या. एकाच साच्यातून इतक्या नौका निघू लागल्यावर साच्याचा खर्च त्यांच्यात विभागला जाई आणि रंगाऱ्याचे काम जवळजवळ संपे. ‘हिला रंगवावे लागत नाही’ ही समजूत याच काळात रूढ झाली.

ती अर्धसत्यच होती. उन्हाने जेलकोट खडूसारखा पांढुरका होतो. गडद छटा अधिक लवकर फिक्या पडतात. पाण्याखालच्या भागात परासरणाने फोड येण्याची तक्रार १९८० च्या दशकात इतकी वाढली की, ऑर्थोफ्थॅलिक रेझिनऐवजी आयसोफ्थॅलिक रेझिन व इपॉक्सीचे संरक्षक थर यांकडे कारखाने वळले. जुन्या नौकांना नवे रूप देण्यासाठी रंगच हवा होता. ओटो बायर यांनी १९३७ मध्ये शोधलेल्या पॉलियुरेथेनच्या रसायनातून निर्माण झालेले दोन घटकांचे रंग, जे आधी विमानांच्या बाह्यांगासाठी वापरले जात, १९७० च्या दशकात नौकांवर आले. त्यांचा वाळलेला वरचा थर जेमतेम पन्नास ते पंच्याहत्तर मायक्रॉन भरतो. म्हणजे जेलकोटच्या सुमारे दशांश. चकाकी व रंगाचा टिकाऊपणा या बाबतींत मात्र ते सरस ठरले. त्यातील आयसोसायनेट श्वासावाटे घेणे रंगाऱ्याला कायमचा दमा जडवू शकते. शुद्ध हवेचा वेगळा पुरवठा असलेल्या मुखवट्याशिवाय ते फवारणे हा गुन्हाच म्हणावा. जेलकोटमधील स्टायरीनही निरुपद्रवी नाही, परंतु दोन्हींची धोक्याची पातळी एक मानता येत नाही.

आता स्वतंत्र बांधणीच्या नौकेकडे पाहावे. येथे नौका एकच असते, म्हणून साच्याचा खर्च परवडत नाही. अरुंद लाकडी पट्ट्या जोडून कवच उभारले जाते व त्यावर काचतंतू आणि इपॉक्सी चढविले जातात. मिशिगनमधील गूजन बंधूंनी १९७० पासून हे लाकूड-इपॉक्सी तंत्र प्रतिष्ठित केले. अशा कवचावर जेलकोट द्यायचा म्हटला तर तो बाहेरून द्यावा लागतो, हवेपासून झाकण्यासाठी त्यात मेण मिसळावे लागते आणि नंतर साऱ्या अंगावर घासकाम करावे लागते, कारण चकाकी देणारा साचाच नसतो. शिवाय इपॉक्सीवर पॉलिएस्टर भरवशाने चिकटत नाही. इपॉक्सीतील उरलेली अमाइन द्रव्ये त्याचे घट्ट होणे रोखतात. उलट पॉलियुरेथेन रंग इपॉक्सीच्या अस्तरावर उत्तम बसतो. तेव्हा क्रम पुन्हा गलबतांच्या काळासारखा होतो.

गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या नौकाबांधणी केंद्रात व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या संकल्पनेतील ‘म्हादेई’ याच लाकूड-इपॉक्सी पद्धतीने, डच संस्थेच्या ५६ फुटी ‘टोंगा’ आरेखनावरून घडली आणि पाण्यात उतरली. तिच्यातूनच दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशा कवचाला जेलकोट सुचविणे म्हणजे साच्याच्या तर्कशास्त्राला साच्याविना राबविणे होय.

तरीही रंगाची मर्यादा नोंदविली पाहिजे. धक्क्याच्या दगडावर नौका घासली गेली तर जाड जेलकोटवरील ओरखडा भरून, घासून, पॉलिश करून जवळजवळ नाहीसा करता येतो. पातळ पॉलियुरेथेनवर डागडुजी केलेली जागा बहुधा उठून दिसते आणि पूर्ण बाजूच पुन्हा फवारावी लागते. म्हणून रोज धक्क्याला लागणाऱ्या नौकांसाठी जेलकोट टिकून राहिला. कोकणच्या मासेमारी बंदरांत नारळी पौर्णिमेच्या आधी साच्यातून निघालेल्या फायबरच्या होड्यांनाही लाकडी होड्यांच्या बरोबरीने तेलरंगाचा हात दिला जातो, तो चकाकीसाठी नव्हे. तो उतरणार हे गृहीत धरूनच दिला जातो.