स्वादुपिंडातील बेटे आणि प्रयोगशाळेची पहिली पायरी

मधुमेह आणि अवयवरोपण यांचे विभाग रुग्णालयात वेगवेगळ्या मजल्यांवर असतात. प्रतिकारशास्त्राच्या प्रयोगशाळेत मात्र दोन्ही एकाच टेबलावर येतात. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींचा नाश करते. दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवले की तीच यंत्रणा त्या मूत्रपिंडावर उलटते. मधुमेही रुग्णाला दात्याच्या बीटा पेशी दिल्या, तर त्या पेशींना हे दोन्ही हल्ले एकदम सोसावे लागतात. या संशोधनाचा इतिहास सहसा संचालकांच्या आणि शल्यविशारदांच्या नावांनी सांगितला जातो. रोजचे काम मात्र पहिल्यापासून नुकतीच पदवी घेतलेल्या तरुणांच्या हातून होत आले आहे, आणि या विद्येची वाढ समजून घ्यायची तर त्या हातांकडेच पाहावे लागते.

टोरांटोतले उदाहरण सर्वांत प्रसिद्ध आहे. १९२१ च्या उन्हाळ्यात फ्रेडरिक बँटिंग यांना स्वादुपिंडाच्या अर्कावरच्या प्रयोगांसाठी मदतनीस हवा होता. चार्ल्स बेस्ट आणि क्लार्क नोबल या दोन विद्यार्थ्यांनी नाणे उडवले आणि काम बेस्ट यांच्याकडे आले. कुत्र्यांच्या रक्तातली आणि लघवीतली साखर मोजणे हे त्यांचे मुख्य काम. या मोजमापांवरच स्वादुपिंडाच्या अर्काचा गुण सिद्ध झाला आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या मुलाला पहिले इंजेक्शन देता आले. १९२३ चे नोबेल पारितोषिक बँटिंग आणि प्रयोगशाळेचे प्रमुख मॅक्लिऑड यांना मिळाले. बेस्ट यांचे नाव त्यात नव्हते, म्हणून बँटिंग यांनी आपल्या रकमेतला वाटा त्यांना दिला.

भारताकडे वळले, तर इंदुरात वैद्यकीय शिक्षणाची सुरुवात याच्या बरीच आधीची. तुकोजीराव होळकर दुसरे यांच्या कारकिर्दीत, १८७८ मध्ये, शहरात वैद्यकीय शाळा निघाली. पुढे ती किंग एडवर्ड मेडिकल स्कूल म्हणून ओळखली गेली आणि १९४८ मध्ये तिच्या परंपरेतून महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. महाराजा यशवंतराव रुग्णालय त्याला जोडलेले. या जुन्या शाळांचा भर दवाखाने चालवू शकणारे वैद्यकीय मदतनीस घडवण्यावर होता. संशोधन हा तिथला व्यवसाय नव्हता. संशोधनाची शिस्त इंदुरात आली ती शेतीच्या वाटेने. १९२४ मध्ये सुरू झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रीत अल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्यासह कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली आणि १९३१ च्या पुस्तकावर दोघांचीही नावे छापली. सहायकाचे नाव मुखपृष्ठावर येणे ही त्या काळी सहज घडणारी गोष्ट नव्हती, म्हणून तिची नोंद घ्यायला हवी.

रोपणाशी थेट संबंध असलेले पहिले मोठे काम मुंबईत झाले आणि तेही रक्तगट तपासण्याच्या नित्याच्या कामातून. १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी लंडनच्या सँगर, रेस, मॉर्गन आणि वॉटकिन्स यांच्यासह एका नव्या रक्तगटाची माहिती प्रसिद्ध केली. तोच पुढे ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून जगभर ओळखला गेला. या रक्ताच्या तांबड्या पेशी तपासल्या तर गट ओ वाटतो, पण त्यातले सीरम ओ गटाच्या पेशींचीही गुठळी करते. कारण ए, बी आणि ओ या तिन्ही गटांच्या मुळाशी असलेला एच प्रतिजनच या व्यक्तींत नसतो आणि त्याविरुद्धची प्रतिपिंडे मात्र असतात. पेशी आणि सीरम या दोन्ही बाजूंनी तपासण्याची सवय नसेल, तर ही विसंगती हाती लागतच नाही. भारतात साधारण दहा हजारांमागे एकात हा गट आढळतो. ए आणि बी प्रतिजन मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांवरही असतात, त्यामुळे रक्तगटाचा ताळमेळ हीच रोपणाची पहिली चाळणी ठरली. १९५७ मध्ये मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र निघाले. भाटिया पुढे त्याचे संचालक झाले. आज के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था तीच.

त्याच आवारात प्रफुल्लकुमार सेन, जी. बी. पारुळकर आणि त्यांचे सहकारी कुत्र्यांवर रोपणाचे प्रयोग करत होते. १९६५ मध्ये तिथे मृत दात्याचे मूत्रपिंड बसवण्याचा प्रयत्न झाला आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदयरोपण झाले. ते रुग्ण वाचले नाहीत. टाके कसे घालायचे हे माहीत होते, पण शरीराचा नकार कसा थोपवायचा याचे उत्तर शस्त्रक्रियागृहात नव्हते. हा नकार प्रतिकारयंत्रणेचाच असतो, हे पीटर मेडावार यांनी १९४० च्या दशकात त्वचारोपणाच्या प्रयोगांतून दाखवले होते. त्याच दात्याची त्वचा दुसऱ्यांदा लावली की ती पहिलीपेक्षा लवकर झडते, हे त्यांचे निरीक्षण.

नकाराचा अंदाज आधीच बांधण्याची रीत पॉल तेरासाकी यांनी १९६४ मध्ये दिली. प्लास्टिकच्या तबकडीतल्या बारीक खळग्यांत एकेक मायक्रोलिटर सीरम घालायचे, त्यावर दात्याच्या लिम्फोसाइट पेशी, मग सशाच्या सीरममधले कॉम्प्लिमेंट (प्रतिपिंडांच्या साथीने पेशी मारणारी प्रथिने), आणि शेवटी रंग. सीरममध्ये त्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे असतील, तर पेशी मरतात आणि रंग पितात. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक खळग्यातल्या मेलेल्या पेशींचे प्रमाण पाहून आकडा नोंदवायचा. यासाठी लागणारे चाचणीचे सीरम अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांच्या रक्तातून मिळत असे, कारण गर्भातील पित्याकडून आलेल्या प्रतिजनांविरुद्ध त्यांच्या शरीरात प्रतिपिंडे तयार झालेली असतात. म्हणजे ऊतक जुळवणीचा पाया प्रसूतिगृहांतून गोळा केलेल्या बाटल्यांवर रचला गेला, आणि त्या गोळा करणे, गाळणे, शेकडो सीरम एकामागून एक तपासून कामाचे तेवढे वेगळे काढणे हा उद्योग कित्येक वर्षे कनिष्ठ संशोधकांनी केला. ज्या स्त्रियांच्या रक्तावर हे शास्त्र उभे राहिले, त्यांची आठवण रोपणाच्या इतिहासात फारशी निघत नाही. ती निघायला हवी. पुढे डीएनएवर आधारित चाचण्या आल्या आणि तबकड्या मागे पडल्या. ऊतक जुळवणीत पेशींवरचे जे प्रतिजन तपासतात, त्या एचएलए प्रतिजनांचा पहिल्या प्रकारच्या मधुमेहाशी असलेला संबंधही दिसून आला. १९७४ मध्ये लंडनला बोटाझ्झो आणि डोनियाक यांना मधुमेहींच्या रक्तात स्वादुपिंडाच्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडे सापडली आणि दोन्ही विषय कायमचे जोडले गेले.

स्वादुपिंडात लँगरहान्सची बेटे विखुरलेली असतात. पॉल लँगरहान्स यांनी ती विद्यार्थी असतानाच, १८६९ मध्ये, वर्णिली. माणसात ती सुमारे दहा लाख असतात, तरी वजनाने सगळी मिळून स्वादुपिंडाच्या एकदोन टक्केच. ती वेगळी काढण्याची पद्धत लेसी आणि कोस्टियानोव्स्की यांनी १९६७ मध्ये सांगितली. पुढे रूढ झालेल्या रीतीत उंदराच्या पित्तनलिकेतून कोलॅजनेज हे विकर आत सोडायचे, फुगलेले स्वादुपिंड काढून ३७ अंश सेल्सिअसला ठेवायचे, योग्य क्षणी थंड द्रावण घालून विकर थांबवायचे, धुवायचे, सेंट्रिफ्यूजमध्ये घनतेनुसार थर वेगळे करायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक बेट पिपेटने उचलायचे. विकर जास्त वेळ चालले तर बेटेच विरघळतात, कमी चालले तर ती भोवतालच्या मांसातून सुटत नाहीत. तो क्षण घड्याळावरून पुरता कळत नाही. भांड्यातल्या द्रावणाचे रूप पाहून ओळखावा लागतो आणि नव्या विद्यार्थ्याला तो जुन्या विद्यार्थ्याशेजारी उभे राहूनच शिकावा लागतो. डायथायझोन घातले की बेटे जस्तामुळे लाल दिसतात आणि मोजता येतात.

पुण्यात हे कौशल्य गणेशखिंडीतल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात रुजले. रमेश भोंडे यांच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या स्वादुपिंडातून बेटे मोठ्या प्रमाणावर मिळवण्याची ऊतकसंवर्धनाची पद्धत शोधली गेली. तिच्यावरचा निबंध १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यावरचे पहिले नाव भोंडे यांचे नव्हे, त्यांच्या तरुण सहकाऱ्याचे होते. त्याच वर्षी त्याच प्रयोगशाळेतल्या आनंदवर्धन हर्डीकर यांनी मधुमेही उंदरांत स्वादुपिंडाचा काही भाग काढल्यावर काय घडते याचा अभ्यास छापला. हर्डीकर पुढे अमेरिकेत गेले. मानवी स्वादुपिंडातील पूर्वपेशी एकत्र येऊन बेटांसारखे पुंजके कसे बनवतात, यावरच्या त्यांच्या २००३ मधल्या निबंधाची दखल घेतली गेली. नंतर त्यांनी ऑस्ट्रेलियात काम उभे केले.

पुण्याच्याच के.ई.एम. रुग्णालयात चित्तरंजन याज्ञिक यांनी मधुमेहाचा प्रश्न दुसऱ्या बाजूने, गर्भावस्थेपासून, हाताळला. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. तिथली नवजात बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची, पण वजनाच्या मानाने पुण्याच्या बाळांची चरबी टिकून होती. नाळेचे रक्त वेळेत गारठवून प्रयोगशाळेपर्यंत पोहोचवणाऱ्या माणसांशिवाय असा अभ्यास पुढे सरकत नाही.

मधल्या काळात जगात बेटांचे रोपण प्रत्यक्षात आले. २००० मध्ये कॅनडातील एडमंटन येथे सात रुग्णांना बेटे दिली गेली आणि सातही जण इन्शुलिनविना राहू लागले. प्रत्येकाला एकाहून अधिक दात्यांचे स्वादुपिंड लागले होते. पाच वर्षांनंतर अशा रुग्णांपैकी दहांत एकच जण इन्शुलिनविना उरला, आणि संशोधन पुन्हा प्रतिकारयंत्रणेच्या प्रश्नाकडे वळले.

इंदुरात देवी अहिल्या विश्वविद्यालयाच्या जीवशास्त्र विभागात मधुमेहाचे काम अ‍ॅलोक्सान दिलेल्या उंदरांवर चालत आले आहे. अ‍ॅलोक्सान बीटा पेशी मारते हे १९४३ पासून माहीत आहे. त्याने उंदीर मधुमेही केल्यावर वनस्पतींतील घटक त्यांच्या रक्तशर्करेवर आणि थायरॉइडवर काय परिणाम करतात, हे तिथे तपासले गेले. प्राण्यांवरच्या प्रयोगांना १९९८ च्या नियमांपासून संस्थेच्या नीतिसमितीची मान्यता लागते, आणि तो अर्ज भरणे हे नव्या संशोधकाच्या पहिल्या कामांपैकी एक असते. रोपणाची गरज शहराला २०१५ पासून अधिक जवळून जाणवली. त्या वर्षी इंदुरात मृत दात्याच्या अवयवांसाठी पहिला ग्रीन कॉरिडॉर, म्हणजे रहदारी थांबवून मोकळा केलेला मार्ग, झाला. अवयव निघाला की दाता आणि रुग्ण यांचा क्रॉसमॅच, म्हणजे रुग्णाचे सीरम दात्याच्या पेशींवर तपासणे, काही तासांत, बहुधा रात्रीच, करावा लागतो.

या क्षेत्रात येणारा तरुण आज बहुतेक नेट परीक्षेतून ज्युनिअर रिसर्च फेलो होतो. दोन वर्षांनी तो सीनिअर फेलो होतो. फेलोशिप २०१९ पासून दरमहा ३१,००० रुपये होती. जानेवारी २०२३ पासून ती ३७,००० झाली, शिवाय घरभाडे. प्रकल्पावर घेतलेल्या सहायकांना मात्र नेमणूक प्रकल्पाच्या मुदतीपुरतीच मिळते. पेशी सुट्टीच्या दिवशीही वाढतात, त्यामुळे त्यांचे पोषक माध्यम बदलायला रविवारी यावे लागते. मधुमेही उंदरांची साखर ठरलेल्या वेळीच मोजावी लागते.